बांधाबाहेर गेलेलं नाव

यंदा दसऱ्याच्या आधीच बोंडं फुटली. सकाळी उठून पाहिलं तर सगळं रान पांढरं. शहरातून आलेल्या लोकांना हे फार आवडतं, ते फोटो काढतात. मला पांढरं शेत दिसलं की आधी स्वतःची कंबर आठवते, मग बोटं. बोंड उमललं की त्याची टोकं वाळून सुईसारखी होतात. कापूस ओढताना ती नखाच्या कडेला लागतात. पहिल्या दिवशी काही वाटत नाही. तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ टाकताना कळतं.

पण आता तीन वर्षं झाली, बोंडं फुटली की बोटांच्याही आधी मला दुसरंच आठवतं. जाफराबादच्या बसस्टँडमागची एक खोली, तिथला एक कॉम्प्युटर, त्याच्यावर काळ्या अक्षरात उमटलेलं एका बाईचं नाव, आणि माझ्या शेजारी खुर्चीच्या टोकावर बसलेली ती बाई. मी दुष्काळ पाहिले, नवरा अंगणात उभ्याउभ्या गेलेला पाहिला. पण त्या खोलीत मी जशी हादरले तशी कधी हादरले नव्हते. त्यात चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या गावात वेचणी सावडीनं चालते. आज माझ्या शेतात सगळ्या जणी, उद्या दुसरीच्या. एकेकीनं एकेक पात, म्हणजे कापसाची एक ओळ, धरायची, कमरेला जुन्या लुगड्याच्या धडप्याची ओटी बांधायची आणि पुढं सरकत राहायचं. सकाळी दव असतं, कापूस ओलसर लागतो, पदर भिजतो. नऊ वाजले की ऊन चढतं, सरकीचा तेलकट वास सुटतो, नाकात तंतू जातात आणि एक शिंकली की सगळ्या शिंकतात. बीटीचं बियाणं आल्यापासून बोंडं एकदम फुटतात, त्यामुळं बोलायला वेळ कमी झाला. पूर्वी भरपूर होता.

या वेचणीत आमची एक रीत होती. कुणी सुरू केली ते ठाऊक नाही. मी सून म्हणून आले तेव्हा ती चालूच होती. शेताचा बांध ओलांडून आत आलं की प्रत्येकीला माहेरच्या नावानं हाक मारायची. संध्याकाळी ओटी सोडून बांधावर आलं की पुन्हा सासरचं नाव. गावात, विहिरीवर, नवऱ्यासमोर माहेरचं नाव काढायचं नाही. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, पण कुणी चुकतही नव्हतं.

आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. माझ्या नवऱ्याला लिहिता येत नव्हतं. त्याच्या मामानं त्याचा हात धरून लिहून घेतलं. मी चौथी शिकलेली. तिथं बसलेल्या बायकांत ते नाव वाचता येणारी मी एकटीच होते, पण मला कुणी काही विचारलं नाही. मी ठकू होते, इंदू झाले. मग सासूनं ताट हलवलं, तांदूळ सारखे झाले आणि त्याच तांदळाचा संध्याकाळी भात झाला. मला वाईट वगैरे काही वाटलं नाही. भूक लागली होती, मी भात खाल्ला. ठकू हे नाव काही फार चांगलं नव्हतं, तिसरी मुलगी झाली म्हणून ठेवलेलं. ते जगाला कळलं तरी माझं काही बिघडत नाही. माझी चूक इथूनच सुरू झाली. मला वाटलं, सगळ्यांचं असंच असेल.

शाळेत मला मास्तर उभं करून मोठ्यानं धडा वाचायला लावायचे. माहेरी, कुंभार पिंपळगावच्या शाळेत चौथीत मी वाचत असले की मागची पोरंसुद्धा गप्प बसायची. चौथीनंतर शाळा सुटली, आणि त्यानंतर माझं वाचलेलं, लिहिलेलं कुणी ऐकलं नाही. म्हणून मी वही करायला लागले. वेचणीत ऐकलेली एकेकीची माहेरची नावं आणि ते नाव का ठेवलं त्याची दोन ओळींची हकिकत. एक बाई बाजारच्या रस्त्यात जन्मली, तिचं नाव त्या बाजाराच्या वारावरून. एकीला आधी सहा भाऊ झाले होते, मुलगी हवी म्हणून नवस केला आणि त्या देवीचं नाव ठेवलं. बायकांना माहीत होतं मी लिहिते. त्या हसायच्या. लिही बाई, वाचणार कोण, म्हणायच्या. ती परवानगी होती असं मी पुढं धरून चालले. ती परवानगी न वाचल्या जाणाऱ्या वहीसाठी होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

एकीनं मात्र नाव कधीच सांगितलं नव्हतं. ती शांता. शांता हे सासरचं नाव, सगळ्या गावाला माहीत आहे म्हणून इथं लिहिते. तिचं घर माझ्या घराला लागून. पंचवीस वर्षं ती आमच्याबरोबर वेचत होती आणि नाव विचारलं की पुढची बोंडं बघायची. बायका तिला चिडवायच्या. ये बिननावाची, सरक पुढं, म्हणायच्या. ती सरकायची.

मग एका वर्षी, माझ्या धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या साली, सगळ्या जणी एका लग्नाला गेल्या आणि शेतात आम्ही दोघीच राहिलो. दुपारची वेळ. वारा नव्हता. पऱ्हाटीच्या वाळक्या पानांचा पायाखाली आवाज होत होता, तेवढाच. शांता मधेच थांबली, हातातला कापूस ओटीत टाकला, आणि नाव सांगितलं. आईनं ते का ठेवलं तेही सांगितलं. सांगून माझ्याकडं बघत उभी राहिली. मी म्हटलं, चांगलं आहे. आणि वेचायला लागले. ती थोडा वेळ तशीच उभी होती, मग तीही वेचायला लागली. दिवस मावळायच्या आत मी घरी येऊन वहीत ते लिहिलं.

तिच्या त्या उभं राहण्याचा अर्थ मला कळायला वीस वर्षं लागली.

*

सुनेचं नाव वैशाली. ती जालन्याची, पदवी झालेली. आमच्याकडं आल्यावर जाफराबादला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली. रोज जीपनं जायची, यायची. ती मला आत्याबाई म्हणते. दिवाळीची साफसफाई काढताना तिला पत्र्याच्या पेटीत वही सापडली. भांडी तशीच ठेवून ती जमिनीवर बसून वाचत राहिली. मी ओरडणार होते, पण तिचा चेहरा बघून थांबले. माझं लिहिलेलं कुणी वाचताना मी पहिल्यांदाच बघत होते.

ती म्हणाली, हे ब्लॉगवर टाकू. मी विचारलं ते काय असतं. ती म्हणाली, आपलीच वही, फक्त कुठूनही कुणालाही वाचता येते.

दुसऱ्या रविवारी तिनं मला क्लासमध्ये नेलं. देवळासारख्या चपला बाहेर काढायच्या. मशीनवर टॉवेल घातलेले. तिनं एक टॉवेल काढला आणि म्हणाली, आधी जागा ठरवायला लागेल, सगळ्या जागा सारख्या नसतात. मला आधी त्याचं हसू आलं. नसलेल्या वस्तूची जागा कसली बघायची. पण ती गंभीर होती, आणि ती सांगायला लागली तसं मला कळायला लागलं. जमीन बघताना जे बघतात तेच होतं सगळं.

एक जागा परदेशातल्या कुठल्या तरी मोठ्या कंपनीची, फुकट. चावी आपल्याकडं. लिहा, खोडा, अख्खी वही फाडून टाका, कुणाला विचारायचं नाही. पण तिथं माणूस फिरकत नाही. आपणच गावोगाव पत्ता सांगत हिंडायचं. मराठी अक्षरं दुसरीकडं जुळवून तिथं आणून चिकटवायची. कंपनीनं उद्या दुकान बंद केलं तर, असं मी विचारलं. ती म्हणाली, एवढी मोठी कंपनी कशाला बंद होईल. मी म्हटलं, आमच्या भागातली सूतगिरणीपण मोठी होती.

दुसरी जागा म्हणजे स्वतःचं नाव विकत घेऊन स्वतःचं घर बांधायचं. दरवर्षी भरणा करायचा, बिघडलं तर आपणच दुरुस्त करायचं. ती स्वतःच्या विहिरीसारखी, पाणी आपलं आणि गाळही आपलाच. वैशालीनं ती लगेच सोडून दिली. तिला तेवढं येत नव्हतं, आणि ते तिनं कबूल केलं.

तिसरी जागा मराठी लोकांनी मराठीसाठी काढलेली. तिथं लिहायची चौकटच मराठी. आणि माणसं. वैशालीनं दाखवलं, कुणी पाककृती लिहिली होती, कुणी सहलीचं वर्णन, आणि प्रत्येकाखाली लोकांची रांग. कुणी शाबासकी देत होतं, कुणी भांडत होतं. आठवडी बाजार भरलेला होता नुसता. मी बघतच राहिले. वैशाली म्हणाली, इथं एक नियम आहे. खाली लोकांची उत्तरं आली की लिहिणाऱ्याला लेख काढता येत नाही. कारण त्यात त्यांचेही शब्द गुंतलेले असतात. चालकांना विनंती करायची, ते ठरवणार.

तिचं मत पहिल्या जागेचं होतं. लोक हळूहळू येतील, म्हणाली. मी म्हटलं, मी पासष्टीला आले, माझ्याकडं हळूहळू न्हाई.

ती म्हणाली, "आत्याबाई, तिथं पुसता येत नाही. नीट विचार करा."

मी म्हटलं, "पुसायचं कशाला? खरं तेच लिहिलंय."

हे वाक्य मला आज तोंडावर मारल्यासारखं वाटतं. खरं असलं म्हणजे झालं, असं मला वाटत होतं. मला वाचणारे हवे होते. पन्नास वर्षं थांबले होते मी. माणसं कुठं आहेत एवढंच मी बघितलं, दार उघडायला आतून कडी आहे का ते बघितलं नाही.

*

तो हंगाम मला फार सुखाचा गेला, हेही सांगायला पाहिजे. दिवसा वेचणी, आणि वैशाली क्लासवरून आली की चहा घेताना मला उत्तरं सांगायची. एका आठवड्याला एक नाव टाकायची ती. वीज असली आणि क्लासमधलं मशीन मोकळं असलं तर. लोकांनी लिहिलं, असं वाचलंच नव्हतं. कुणी लिहिलं, माझ्या आजीचं माहेरचं नाव मला माहीतच नाही, आज फोन करून विचारतो. मी दुसऱ्या दिवशी शेतात ताठ चालायचे. ओटी जड झाली तरी जाणवायचं नाही. बायकांना मी काही सांगितलं नाही, मला सगळ्यांना एकदम चकित करायचं होतं. बोंडांची टोकं लागून नखांतून रक्त यायचं आणि मी मनात पुढचा मजकूर जुळवत असायचे.

शांताचं नाव वैशालीनं नवव्या की दहाव्या आठवड्यात टाकलं. त्याला सगळ्यांत जास्त उत्तरं आली, छत्तीस. नावच तसं होतं, आणि आईची हकिकत तशी होती. मला वाटलं, हिला इतकी वर्षं बिननावाची म्हणाल्या सगळ्या, आता बघ म्हणावं. दुसरी वेचणी संपल्यावर मी तिला म्हटलं, जाफराबादला चल, तुला एक गंमत दाखवते. तिनं नवं लुगडं नेसलं. जीपमध्ये आमच्या मांडीवर दुसऱ्यांच्या पिशव्या. तिच्या केसांत कापसाचा तंतू अडकला होता तो मी काढला. ती खुशीत होती. बांगड्या बघायच्या म्हणत होती.

क्लासमध्ये वैशालीनं तिला खुर्ची दिली. शांता तिच्या टोकावर बसली. वैशालीनं पान उघडलं आणि मी उभी राहून मोठ्यानं वाचायला लागले, शाळेत वाचायचे तशी. तिचं नाव वाचलं. हकिकत वाचली. मग लोकांची उत्तरं वाचायला लागले. एकानं तिच्या नावापुढं आजी लावून नमस्कार केला होता. एक बाई परदेशातून तिला नावानं हाक मारून म्हणत होती, तुमचं नाव किती गोड आहे हो. तिसऱ्यानं त्या नावावर चार ओळींची कविता केली होती. मी ती चालीत वाचली.

वाचता वाचता माझं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. तिनं खुर्चीची कड धरली होती आणि बोटांची नखं पांढरी पडली होती.

"हे कोण हायेत?" तिनं विचारलं.

"लोकं. सगळीकडची."

"ह्यांना माझं नाव कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "मी."

ती पडद्याकडं बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, तरी बघत होती. म्हणाली, "पुस ते."

मी वैशालीकडं पाहिलं. वैशालीनं खाली पाहिलं आणि हळू आवाजात नियम सांगितला. शांताला ते पटेना. तिचं बोलणं साधं होतं. तुम्हीच लिहिलं, तुमच्याच हाताखाली मशीन आहे, अन् तुम्हालाच पुसता येत न्हाई, असं कसं. पाटीवरचं पुसता येतं, भिंतीवरचं पुसता येतं.

मी चिडले. चूक आपली असली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, यात शरमेचं काय आहे, नाव तर चांगलंच आहे, सगळे तुझं कौतुकच करून राह्यले.

तेव्हा तिनं माझ्याकडं तोंड केलं. "त्या नावानं मला फक्त माय हाक मारायची. बापसुद्धा न्हाई. माय मेली अन् हाक बंद झाली. तुला सांगितल्तं ते तू एकदा हाक मारशील म्हणून. तू वही काढली."

वैशालीनं मशीन बंद केलं. मी उभीच होते. शेतातली ती दुपार एकदम माझ्यासमोर आली, ती सांगून उभी राहिलेली, आणि मी चांगलं आहे म्हणून वाकलेली. वीस वर्षांपूर्वी ती कशासाठी थांबली होती ते मला त्या टॉवेल घातलेल्या मशीनच्या मधोमध कळलं. आम्ही बांगड्या न बघता परत आलो. जीपमध्ये ती पुढं बसली, मी मागं.

*

वैशालीनं त्याच आठवड्यात चालकांना पत्र लिहिलं. उत्तर सभ्य आलं. त्यांनी लिहिलं, तुमच्या मूळ लेखातून नाव काढतो, पण छत्तीस जणांच्या लिखाणाला हात लावता येणार नाही, ते त्यांचं आहे. मग लेखात नावाच्या जागी टिंबं आली. खाली मात्र ते नाव छत्तीस ठिकाणी तसंच राहिलं. त्यात एकानं विचारलं, वरचं नाव का काढलं? दुसऱ्यानं त्याला उत्तर दिलं, आणि उत्तरात नाव पुन्हा लिहिलं. सदतीस ठिकाणं झाली. वैशालीनं मला हे सांगितलं तेव्हा मी चुलीपुढं होते. कुणी वाईट माणूस नव्हतं त्यात. सगळे नियमानं वागत होते, गोड बोलत होते, आणि नाव वाढत चाललं होतं.

मला व्यापाऱ्याच्या आवारातला ढीग आठवला. गाडीतून आपला कापूस त्या ढिगात ओतला की संपलं. मागं फिरून पाहिलं तर आपला कोणता, दुसऱ्याचा कोणता, कळत नाही. आपण वेचलेला, आपल्या ओटीत भरलेला, बोटांना लागलेला कापूस, पण परत द्या म्हणायची सोय नाही. हे मी दर वर्षी बघत होते. सगळं आयुष्य ते बघण्यात गेलं. तरीही वैशालीनं विचारलं तेव्हा मी ढिगाचीच जागा निवडली. शिकलेल्या सुनेनं सांगितलेलं ऐकलं नाही आणि स्वतः बघितलेलंही आठवलं नाही.

बाकीच्या बायकांना हळूहळू कळलंच. कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या वर्षीच्या वेचणीला मी बांध ओलांडला तेव्हा एकीनं हसत हसत म्हटलं, वहीवाली आली, जपून बोला गं. सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्या दिवशी कुणी कुणाला माहेरच्या नावानं हाक मारली नाही. त्यानंतरही नाही. आता बांधाच्या आत आणि बाहेर आम्ही सारख्याच आहोत. एवढ्या वर्षांची रीत एका हंगामात बंद पडली, आणि ती टिकावी म्हणून मी वही केली होती.

शांता सावडीला येत राहिली. काम ते काम. फक्त माझ्या शेजारची पात धरायची नाही. मधे दोन-तीन जणी असायच्या. घरं लागून, त्यामुळं रोज दिसायची. विरजण मागायची, द्यायची. तुटलं असं काही नव्हतं. मधला आवाज तेवढा गेला होता.

*

आणि यंदा भाद्रपदात ती जागाच बंद पडली. वैशालीनं पान उघडायला घेतलं तर काही येईना. तिनं दोन दिवस वाट पाहिली, चालकांना लिहिलं, पत्र परत आलं. चालवणाऱ्यांना परवडेना म्हणे, किंवा कंटाळले, किंवा काय, आम्हाला कुणी कळवलं नाही. सगळी नावं, सगळी उत्तरं, ती कविता, सगळं गेलं. वैशालीनं कुठं उतरवून ठेवलं नव्हतं. ती रडली. मी रडले नाही. जिथं एक नाव पुसता येत नाही म्हणून आम्ही हात जोडले होते, ती सगळी जागाच एका दिवसात कुणाला न विचारता पुसली गेली. पुसता येत नव्हतं ते फक्त आम्हाला.

वैशाली आता म्हणते पहिली जागा घेऊ, चावी आपल्याकडं राहील. मी अजून हो म्हटलेलं नाही. तिनं मला एक गोष्ट बरोबर सांगितली, की चावी आपल्याकडं असली तरी कुणी वाचून उतरवून घेतलं तर ते आपल्या हातात नाही. मग चावीचा उपयोग अर्धाच. हा लेखही कागदावर छापून येणार, कागदही मागं घेता येत नाही, एवढं आता मला कळतं. म्हणून छापायला देण्याआधी तो शांताला वाचून दाखवला. तिनं सगळा ऐकला. माझं नाव न्हाई ना यात, विचारलं. न्हाई म्हटलं. गावाचं? तेही न्हाई. दोन ठिकाणी काट मार म्हणाली, तिथं मारली. बराबर हाय, मंग छाप, म्हणाली.

पण तिच्यापर्यंत मी पुन्हा पोचले ते कसं, ते सांगायचं राहिलं.

जागा बंद पडल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहीतलं तिचं पान फाडलं आणि तिच्या घरी गेले. ती भाकरीचं पीठ परातीत काढत होती. मी सांगितलं.

"सगळं गेलं?"

"सगळं. पण मधे कुणी उतरवून घेतलं असलं तर मला ठाऊक न्हाई. खोटं सांगत न्हाई."

"तू खोटं सांगतच न्हाई," ती म्हणाली. "तीच तर पंचाईत हाय."

मी पान पुढं केलं. तिनं ते हातात घेऊन उलटं सुलटं पाहिलं आणि विचारलं, यात नाव कुठलं? मी बोट ठेवलं. तिनं बघितलं, मग पान माझ्याकडंच दिलं आणि चुलीकडं मान केली. मी ते चुलीत घातलं. पान जुनं होतं, लगेच पेटलं.

मग तिनं परात माझ्याकडं सरकवली. पिठावरून एकदा हात फिरवून सारखं केलं आणि म्हणाली, इथं लिही. माझ्याही लग्नात तांदळात लिहिल्तं, पण ते दुसरंच नाव होतं. हे लिहिलेलं मी पाहिलंच न्हाई कधी, नुसतं जळताना पाहिलं आत्ता.

मी ज्वारीच्या पिठात बोटानं तिचं नाव लिहिलं. मोठं लिहिलं, काना मात्रा सुटे सुटे, पहिलीच्या पोराला दाखवतात तसे. ती परातीवर वाकली. तिनं प्रत्येक अक्षरावरून आपलं बोट नेलं. पीठ जरा जरा विस्कटलं.

"एवढंसंच हाय?"

"एवढंसंच."

तिनं आणखी थोडा वेळ पाहिलं. मग तळहातानं सगळं पुसलं, एका दमात, मधे पाणी ओतलं आणि मळायला लागली. मी उठायला लागले तर ती बस म्हणाली. गोळा केला, थापला, भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"लिहिलंस लई," ती तव्याकडं बघत म्हणाली. "आता एकदा हाक मार."

घरात आम्ही दोघीच होतो. मी तिला हाक मारली.

भाकरी उलटायला आली होती. तिनं ती आधी उलटली, आणि मग ओ दिली.